उभ्यानं घ्यायची मीटिंग

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर कोल्हापुरातल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीनं मला देखरेखीला घेतलं. मालक ओळखीतला, मला काका म्हणायचा. तिथली माणसं अजाइल पद्धतीनं काम करत. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं, आज काय करणार, एवढंच सांगायचं. उभं अशासाठी राहायचं, की पाय दुखायच्या आत बोलणं संपावं.

माझे गुडघे दुखायचे म्हणून पहिल्याच दिवशी कुणीतरी मला खुर्ची दिली. मी बसलो आणि तिथंच बिघडलं. पायांना आराम मिळाल्यावर मी प्रश्न विचारत राहिलो. वडीलधारा माणूस उठल्याशिवाय मीटिंग मोडायची कशी, म्हणून बाकीचे एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत ऐकत राहिले. तरी माझं समाधान होईना. सकाळी सांगितलेलं प्रत्येकानं बोर्डावर लिहायचं आणि संध्याकाळी तेच मला मेलनं पाठवायचं, असं मी ठरवून टाकलं. ते मेल मी क्वचितच उघडायचो.

टेस्टिंगचं काम करणारी एक बाई इचलकरंजीहून जाऊन-येऊन करायची. नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला. तो निघायच्या आत तिला घरी लहान मुलीजवळ पोचावं लागे. कामात काय सुधारायचं हे बोलायला आम्ही अधूनमधून बसायचो. तिथं ती म्हणाली, "सर, बोर्डावर हाय तेच परत मेलमध्ये कशाला? त्यापायी माझी बस जाती की."

"मग एसटीच्या टायमावर कंपनी चालवायची व्हय?" मी म्हणालो. सगळे हसले. तीही हसली, आणि त्याच महिन्यात तिनं राजीनामा दिला. मालकानं कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, घर सांभाळून तिला काम जमत नव्हतं.

पुढं गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी रजेवर गेलो. परतलो तर मेल बंद झाले होते, सकाळची मीटिंग चहा यायच्या आधी उरकत होती आणि काम वेळेवर जात होतं. कुणी मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी तिला फोन करून परत बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, "परत न्हाय येत, सर. पण मी का सोडलं ते तेवढं खरं सांगा. नव्या ठिकाणी ठरत आलतं. त्यांनी तुमच्या ऑफिसात चौकशी केली आणि मग गप्पच झाले."

मी मालकाच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, सोमवारच्या मीटिंगमध्ये घेऊ हा विषय."

"मीटिंग नको. आत्ता फोन लाव."

त्यानं लावला, बोललो मी. पलीकडच्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि ती जागा भरल्याचं सांगितलं.

तिला तसं कळवलं. "बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, पुढं कुठून चौकशी आली तर फोन तुम्हीच घ्या.

तो फोन अजून आलेला नाही. तेवढ्यासाठी मी रोज ऑफिसात जाऊन बसतो. जातो मात्र सकाळची मीटिंग संपल्यावर.