दोन बाटल्यांवरची नावं

सोमवार, सकाळचे दहा. कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. हजर: मी, म्हणजे इथली व्यवस्था पाहणारी, एम.एस्सी.ची रोझलिन, फळमाश्यांच्या दोन बाटल्या. गैरहजर: सर. ते मे महिन्यात तापाने गेले.

सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले की डाव्या हाताने टेबलावर पेन्सिल आपटत. टक टक टक. मध्येच पेन्सिल हवेत थांबे. माशीच्या हृदयाचा ठोका चुकला, असा त्याचा अर्थ. त्याच पेन्सिलीने लिहिताही येतं, हे त्यांना आयुष्यात सुचलं नाही.

असे विद्वान तुम्हीही पाहिले असतील. एक जनुक बदललं की हृदयाचा ठेका कसा बिघडतो, यावर तासभर बोलतील. पण माश्यांसाठी शिजत ठेवलेला रवा-गूळ समोर करपला तरी उठणार नाहीत. पातेलं घासणारे आम्ही.

बाटल्यांवर ते व्हाइटबोर्डच्या मार्करने लिहीत. कागदी पट्टी लावा, पेन्सिलीने लिहा, ते स्पिरिटने पुसलं जात नाही, हे सांगून मी थकले.

"बघितलं की कळतं, बाई."

एका बाटलीत साध्या माश्या, दुसरीत जनुक बदललेल्या; वरून दोन्ही सारख्याच. नुकत्याच कोषात गेलेल्या अळीची पाठ मात्र पारदर्शक असते. आतलं हृदय पाहून सर सांगत, ही साधी, ही बदललेली. शिकवलं कुणालाच नाही. म्हणे, आमच्यात तेवढा धीर नाही.

रोझलिन पाचूबंदरची. आईबरोबर मासळीच्या लिलावाला उभी राहून मग इथे येते. तिचा सगळा प्रकल्प बदललेल्या माश्यांवर, आणि त्या आता या दोनपैकी एकाच बाटलीत उरल्या आहेत.

शनिवारी मी साफसफाईची यादी केली. मुद्दा चौथा: सर्व बाटल्या स्पिरिटने पुसणे. पुसल्या. यादीत बरोबरची खूणही केली.

आज रोझलिनने दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "मॅडम, यातली कुठली कोनती?"

सरांना मनातल्या मनात जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि त्यांच्या खुर्चीत बसले. सूक्ष्मदर्शकातून अळीचं हृदय तासभर पाहिलं. केसाएवढी नळी, पण चालत होती इमानाने. माझं बोट टेबलावर टकटक करत होतं म्हणे, रोझलिनने सांगितलं. एकदा ते थांबलं. ठोका चुकला की माझी पापणी लवली, सांगता येईना.

"कळलं?"

"नाही. परत बघायला हवं."

पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. पेन्सिलीला टोक केलं आहे. नावं लिहायची राहिली आहेत.