ऑपेराच्या तालमीत मोडलेलं मनगट

मी चौथी पास. ऑपेरा हा शब्द सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकला. मुंबईची एक गायनसंस्था, सोलापुरातली एक नाट्यसंस्था आणि माझ्या नातीची शाळा, तिघांनी मिळून मुलांना ऑपेरा शिकवायचं ठरवलं. गोष्ट अशी की दोन भाऊ गादीसाठी लढतात, मधे पडलेल्या बहिणीच्या डोक्यात काठी बसते आणि ती मरते. बोलणं नाहीच. भांडायचं गाऊन, मरायचं गाऊन. बहीण म्हणजे माझी नात, नववीतली. मारामारी बसवायला मला बोलावलं, कारण काठी माझ्याएवढी कुणाला येत नाही. हे मीच सांगतो, दुसऱ्याला विचारायची गरज नाही.

गाणं शिकवायला आलेल्या मुंबईच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, काठी डोक्यापासून एक वीत आधी थांबली पाहिजे. आणि बरोबर सुरावर."

"थांबवायचीच तर उचलायची कशाला?"

पण थांबवायला मारण्यापेक्षा जास्त मनगट लागतं, हे मला आठवड्यात कळलं. लेझमीसारखं आकड्यांवर बसवलं. एक, दोन, तीन, चारला घाव. पोरं गात गात एकमेकांवर धावायची. दोघांची बोटं सुजली, एकाचं नाक फुटलं. त्यानं रक्त पुसलं आणि पुढची ओळ गायली. मला ते आवडलं, बाईंना नाही.

मग एक दिवस माझा मुलगा, नातीचा बाप, आला. जुळे सोलापूर ह्या शहराच्या नव्या भागात त्याचा फ्लॅट, बँकेत नोकरी. पोरगी आठ दिवस शिकवणीला आली नाही, असा त्याला फोन गेला होता. हॉलमध्ये शिरला तो तिच्या वेणीलाच हात घालून.

"दहावी तोंडावर आलीय आन् तू हितं मरायला शिकतीस व्हय?"

एक कानाखाली. दुसरी. तिसरीला ती खाली पडली.

"सोड तिला," मी म्हणालो.

"आप्पा, तुमी मधी पडू नका."

मी मधे पडलो, हातातल्या काठीसकट. आकडे मोजलेच नाहीत. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज सगळ्या हॉलनं ऐकला.

नात माझ्याकडं येईल असं वाटलं. ती बापाकडं गेली. मला म्हणाली, "आप्पा, त्यांच्या हातात काय होतं?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. बाकीच्या मुलांचे पालक भडकले होते. माझ्या मुलानं स्वतः येऊन तक्रार नाही म्हटलं तरच शाळा ह्यात राहणार. शाळा बाहेर पडली की दोन्ही संस्थांनी गाशा गुंडाळायचा, आणि नातीचं गाणं संपलं.

मी त्याच्या फ्लॅटवर गेलो. बसलो नाही.

"शाळेत जाऊन सांग, तक्रार न्हाय म्हणून."

"आधी कबूल करा," तो म्हणाला. "सहावीत मी शाळा बुडवली म्हणून तुमी काठीनं पाठ फोडलीत. आई हळद लावत होती आन् तुमी दारात उभं राहून म्हणत होता, रडलास तर अजून देईन."

"शाळेसाठी मारलं."

"मी बी शाळेसाठीच मारलं की."

नात आतल्या दारात उभी होती. गालावर बोटं उमटलेली. खरं लिहितो, त्याला अजून एक ठेवून द्यावी असं मला वाटत होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "आन् तुझं बी."

"माझं कशाला काढताय?"

"तिला विचार."

त्यानं तिच्याकडं बघितलं. डाव्या हातानं चपला ओढल्या आणि म्हणाला, "चला. हेडमास्तर कुटं भेटतील आत्ता?"

तालीम पुन्हा सुरू झाली तेव्हा नातीनंही मला बजावलं, "मी गाणार. पण काठी तुमी हातात धरायची न्हाय." राहिलेलं सगळं मी तोंडानं शिकवलं.

प्रयोगाला मुलगा चौथ्या रांगेत होता. तालीम त्यानं कधी बसून बघितली नव्हती, काठी थांबते हे त्याला ठाऊक नव्हतं. भावाची काठी नातीच्या डोक्यावर आली तसा तो खुर्चीतून उठला. मागचे ओरडले, "ओ, खाली बसा की!" ती पडली, पडल्या पडल्या गायला लागली. तिचं गाणं संपेपर्यंत तो बसला नाही.