तासलेली दारं

उतारावरच्या गल्लीत कुणाचं दार अडकलं की सुताराला बोलावणं जायचं. तो रंधा घेऊन यायचा, दाराची कड तासायचा, चहा प्यायचा आणि जायचा. तीस वर्षं हाच उद्योग. माणूस तिरसट, पण हात सोन्यासारखा.

यंदा मात्र दारं महिन्यातून दोनदा अडकायला लागली. लाकूड फुगलं म्हणावं, तर दिवस कोरडे ठणठणीत. त्याने एका चौकटीला ओळंबा लावून पाहिला. चौकट दोन बोटं कललेली होती. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्यातही तेच, आणि सगळ्या चौकटी एकाच बाजूला, खालच्या ओढ्याकडे. डोंगर सरकत होता. तरी झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्याने दारं तासून दिली. कुणाला घर सोडा म्हणायची त्याची छाती नव्हती.

मग सरकारी माणसं आली आणि भिंतींवर लाल फुल्या मारून गेली. सपाटीवर नवी घरं तयार आहेत, पंधरा दिवसांत तिकडे जा, म्हणाली. उंटावरचे शहाणे, म्हणत गल्लीने ते हसण्यावारी नेलं. त्यात सुताराची थोरली बहीण सगळ्यांच्या पुढे. तिचं घर नवऱ्याने स्वतः विटा रचून बांधलेलं, आणि त्याने शेवटचा श्वास घेतला तोही तिथेच. घर हललं असतं तर दार लागलं असतं का, असं विचारत तिने चारचौघांत एका बोटाने दार लावून दाखवलं. ते दार सुताराने परवाच तासलं होतं. त्याला आपल्याच हातांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने तिच्या दाराच्या बिजागऱ्या सोडवल्या आणि दार अंगणात आडवं टाकलं. ती ओरडत बाहेर आली आणि दारापाशी वाकली. दार वरून चार बोटं अरुंद होतं.

"पाच वेळा तासलंय, ताई. घर वाकडं होत गेलं, तसं मी दार वाकडं करत गेलो."

"आधी का नाही बोललास?"

"तुला इथून उठवायचं माझ्या जिवावर आलं होतं."

तिने दारावरून हात फिरवला, पदराने डोळे पुसले आणि भांडी बांधायला घेतली.

सुतार दार पाठीवर घेऊन गल्लीत घरोघर फिरला. प्रत्येक उंबऱ्याशी दार उभं करून दाखवलं, गुन्हा कबूल करावा तसं सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. बहिणीच्या काळजीने बिचारा बिथरलाय, असं त्यांचं मत पडलं. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्याने तर त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्त्री, आमची दारं झकास लागतात. तुम्हीच तर बसवलीत."

संध्याकाळी बहिणीला घेऊन तो उतार उतरू लागला. मागे अकरा घरांची दारं एकेक करून लागली. एकही अडकलं नाही.