माळावरचे मालक

गवत कापून विकणाऱ्या बायकांमध्ये तिची जीभ विळ्याहून धारदार होती, आणि सगळ्यात जास्त ती चालायची नवऱ्यावर. जमीन ना तिच्या बापाची होती, ना सासऱ्याची. लोकांच्या बांधावरचं गवत कापायचं, भारा डोक्यावर घेऊन गोठेवाल्याच्या दारात टाकायचा, हंगामात खुरपणीला जायचं, यावर घर चालायचं. नवरा एका जमीनदाराकडे सालगडी होता. मिसरूड फुटलं तेव्हा गेला, तो तिथंच पिकला.

त्याची कंबर कामातून गेली तेव्हा जमीनदाराने त्याला ओढ्यापलीकडचा माळाचा तुकडा देऊन टाकला आणि त्याच्या जागी नवा गडी ठेवला. तुकड्यावर खडक, काटेरी झुडपं आणि तेवढं गुडघाभर गवत. नवरा घरी आला तो तरंगतच.

"आजपासून आपण जमीनवाले."

"बैल म्हातारा झाला की दावं सोडतात," ती चूल फुंकत म्हणाली. "त्याला दान म्हणत नाहीत."

"तुला कुणाचं चांगलं बघवतच नाही."

"चांगलं असतं तर त्यांनीच पेरलं असतं."

पण नवरा अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला होता. एकदा कुदळ मारून बघितली, दांडाच मोडला. मग त्याने तुकड्याला तारेचं कुंपण घातलं. त्यासाठी बायकोची शेळी विकली. दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायला त्याला कमीपणा वाटू लागला. कंबर दुखते म्हणाला असता तर तिने तेल चोळून दिलं असतं. पण हा म्हणायचा, "मालकाने मालकाकडे राबणं शोभत नाही." बायकोच्या भाऱ्यावर दोन वेळा जेवणं मात्र शोभत होतं.

रोज सकाळी धुतलेला सदरा घालून तो खडकावर जाऊन बसायचा. वाटेने जाणारे शेतकरी "काय मालक?" म्हणायचे, की स्वारी खूश. गवतवाल्या बायकांनीही तेच नाव उचललं.

"तुझे मालक पेरणी कधी करणार गं?"

"आधीचे दगड निघू देत," ती म्हणायची आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची. दुसऱ्यांनी हसण्यापेक्षा ते बरं.

एका दुपारी तिची धाकटी जाऊ रिकाम्या हातांनी दारात आली. दीर गेल्यापासून ती बाई गवतावरच पोट भरत होती.

"भाऊजींनी विळा काढून घेतला," ती म्हणाली. "माझ्या जमिनीत पाय टाकायचा नाही म्हणाले."

नवरा घरी आला तेव्हा बायको त्याच्यासमोर उभी राहिली.

"विळा कुठाय?"

"जप्त केलाय. विचारून न्यावं माणसाने. आपल्याला लोकांनी बांधावरून हाकललं, तेव्हा कुणाला दया आली होती?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. कमरेवर हात, हनुवटी वर. तिचा भारा ओढ्यात फेकून देणारे असेच उभे राहायचे. आजवर ती त्याला हसत होती. आता तिला त्याची किळस आली.

"ज्यांचं उष्टं खाल्लं त्यांचीच भाषा शिकलात," ती म्हणाली. "तीही धड नाही."

दुसऱ्या दिवशी तिने जावेला आणि आणखी चौघींना घेऊन तार वर उचलली आणि सगळ्या आत शिरल्या. तो खडकावरून उठला.

"बाहेर व्हा. मी तक्रार करीन."

"करा ना. काय सांगाल? बायको गवत चोरते म्हणून?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिने नुसता हात पुढे केला. त्याने इकडेतिकडे बघितलं, झुडपामागून विळा काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत गवत कापलं. जावेचा भारा जड झाला होता. तो उचलून द्यायला नवरा पुढे आला, तर ती मध्ये उभी राहिली.

"तुम्ही बसा," ती म्हणाली, आणि भारा स्वतः उचलून जावेच्या डोक्यावर दिला.

तिने त्याला वाढणं थांबवलं नाही, पण बोलणं थांबवलं. ताट पुढे सरकवायची आणि पाठ फिरवायची. हे काही त्याला फार दिवस सोसलं नाही. हिवाळ्यात तो गोठेवाल्याकडे शेण काढायला जाऊ लागला. तिथल्या गड्यांना तो अजून आपल्या शेतीच्या गोष्टी सांगतो. ती भारा टाकायला आली की मात्र खाली मान घालून फावडं ओढतो. ती भारा टाकते, आणि जावेशी बोलत बोलत परत फिरते.