आबा, मशीन आणि शाल

मी शिडीवर चढले की आमचे आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आबा म्हणजे माझे सासरे, सोनगीरच्या अलीकडे आमचं गाव आहे तिथले नावाजलेले सुतार. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खाटेवरसुद्धा बसत नाही, आणि इथे मी पदर खोचून त्यांच्या डोक्याच्याही वर! "मी पाठ फिरावस, मंग चढ," म्हणून ते वळायचे आणि पुढचं काम कानाने करायचे. स्क्रू पिळायचं मशीन आधी नुसतं घुरघुरतं, स्क्रू लाकडात घट्ट होऊ लागला की त्याची टकटक सुरू होते. ती मनासारखी झाली की आबा भिंतीलाच सांगितल्यासारखे म्हणायचे, "बसना, बसना. सोड आते." म्हणजे स्क्रू बसला, आता बटण सोड. बटण सोडायला जरा उशीर झाला तर स्क्रूचं डोकं लाकडात रुतायचं आणि आबा दात दुखल्यासारखा आवाज काढायचे.

बॅटरीवर चालणारं ते छोटं इम्पॅक्ट मशीन मी माहेरून, जळगावहून आणलं होतं. तिथे वडिलांचं प्लायवूडचं दुकान, त्यामुळे असल्या वस्तूंची मला भीती नव्हती. माझा नवरा सुरतेला मिलमध्ये कामाला. घरचं सुतारकाम आबांवर, आणि आबांचा उजवा हात थरथरायला लागलेला. पेचकस खाचेतून निसटायचा. या मशीनने मनगटाला झटका बसत नाही, म्हणून मी हौसेने आणलं, पण थरथरत्या हातात त्याचंही टोक खाचेत ठरेना. पहिल्याच दिवशी कपाटाच्या दारावर लांब ओरखडा उठला. आबांनी मशीन खाली ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढून तो ओरखडा पुसत बसले. टोपीने पुसून ओरखडा जातो होय! मला ते बघवेना. मी मशीन उचललं.

मग आमची जोडी जमली. मोजमाप आबांचं, पेन्सिलीची खूण आबांची, बिजागरी कुठे बसवायची ते आबा ठरवणार. भोक पाडणं आणि स्क्रू पिळणं माझ्याकडे. गिऱ्हाइकाला मात्र आत थारा नव्हता. "डोयामा भुसा जाई, बाहेर बठा बरं," असं म्हणून आबा घरच्या माणसांना त्यांच्याच घरातून बाहेर काढायचे आणि दार लोटून घ्यायचे. बाहेर मशीनचा आवाज जायचा आणि लोक म्हणायचे, आबांचा हात अजून तसाच आहे. मी डबा घेऊन येते, अशी गावाची समजूत होती. माझ्या केसांतला भुसा कुणाला दिसत नसे. दिसला असता तरी डब्यातूनच उडाला म्हणाले असते.

मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, खरंच. गाठ पडली ती गावच्या नव्या सभागृहाच्या दरवाजांशी. सागवानी, जड दरवाजे. ते उचलून धरायला माणसं होती, पण स्क्रूची वेळ आली की आबा त्यांना चहाला पाठवायचे. दरवाजे इतके सुरेख बसले, की एका बोटाने लोटावेत. उद्घाटनाला सरपंचांनी आबांना व्यासपीठावर बोलावलं, शाल पांघरली, नारळ दिला. "या वयातबी काय हात शे!" म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मागे बायकांत होते, मीही वाजवल्या. आबांनी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. ताटावर बसले आणि तसेच उठले.

"तठेच सांगाले पाहिजे व्हतं," ते ओसरीवरून म्हणाले. "जीभ उचलनी नही. माले लाज वाटस, पोरी."

सकाळी ते पारावर गेले आणि बसलेल्या सगळ्यांना सांगून आले, की स्क्रू सुनेने बसवले. कुणाला खरं वाटलं नाही. "आबांनं मन मोठं शे, वहूलेबी मान देतस," असं म्हणून लोक हसले, कुणी पाठीवर थाप मारली. आबा परत आले ते काल आले होते त्याहून खचून. "खरं सांगं, तं मान आजून वाढना," ते म्हणाले. खरं सांगून मान उलट वाढलाच होता. "आते काय करू?"

काय करायचं ते त्यांनी लग्नसराईत ठरवलं. सभागृहात कुणाचं तरी लग्न होतं आणि दाराला वरच्या अंगाला आणखी एक कडी हवी होती. मांडवाची तयारी चाललेली, पुरुष मंडळी जमलेली, सरपंचही होते. आबांनी कुणालाही बाहेर जायला सांगितलं नाही. पिशवीतून मशीन काढून सगळ्यांदेखत माझ्या हातात दिलं.

"आबा, नको," मी पुटपुटले.

"चढ, माय."

मी चढले. खाली शिडी आबांनी धरली होती, आणि त्यांच्या हाताची थरथर शिडीतून माझ्या तळपायांपर्यंत येत होती. मशीनची टकटक थांबली. सरपंच चाचरत म्हणाले, "आबा, वहूले अशी चारचौघात..."

आबांनी माझ्याकडे बोट केलं, मग हात जोडले. "शाल इनी व्हती," ते म्हणाले. "मी आंगवर लिन्ही."

या वेळी कुणी हसलं नाही. त्यानंतर आबांना कुणी कामाला बोलावलं नाही. बायका मात्र मलाच येऊन सांगू लागल्या, अक्का, आमचा पाट हलतो, आमची फळी लावून दे. आबा ओसरीवर बसून राहायचे. मी मशीन घेऊन निघाले की पाय जवळ घेऊन वाट द्यायचे, आणि नजर जमिनीवर.

या थंडीत ते गेले. शेवटच्या आजारपणात मी त्यांना पेज भरवायची, तेव्हाही ते डोळे मिटून घ्यायचे. आबा, तुमची लाज मला कधी वाटली नाही, त्या दिवशी शिडीवर तर मला तुमचा अभिमान वाटला, एवढंच सांगायचं होतं. चमचा हातात धरून मी रोज मनात जुळवणी करायची. पण सासऱ्याशी असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी पदर सारखा करायची आणि विचारायची, "आबा, मीठ बरोबर आहे ना?"