खांबाखालची पाच मिनिटं

नांदेडच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी सबस्टेशनात पॅनेलसमोरच बसलो होतो. आजारपणात गोविंद गेला... आमचा लाईनमन, माझा दोस्त आणि माझ्या थट्टेचं हक्काचं गिऱ्हाईक!

लातूरच्या एका शिबिरात तो मंत्रध्यान शिकून आला आणि तेव्हापासून खांबावर चढण्याआधी गोणपाट अंथरून पाच मिनिटं जपाला बसू लागला. मंत्र कुणाला सांगायचा नाही, असा नियम. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचो, "हॅलो, देव बोलतोय!" पठ्ठ्या डोळा उघडायचा नाही. पूर्वी चहात साखर कमी पडली तरी हाच माणूस कप भिरकावून द्यायचा, हे मात्र मी सोयीने विसरायचो.

एकदा रेणापूरकडे खांबावर काम निघालं. मी लाईन बंद केली, फोनवर त्याला "चढ" म्हणालो आणि रजिस्टर लिहायला घेतलं... बघतो तर मी शेजारची लाईन बंद केलेली. त्याची चालूच! धावत जाऊन ती बंद केली, फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तो खाली आहे की वर, की... चौथ्यांदा त्याने उचलला.

"आरं गाढवा, जप तरी होऊ दे की! खालीच बसून राहिलोय अजून."

मी रडत खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "उद्यापासून तूबी बस. बटणाला हात लावायच्या आधी. आन् बोलू नको कुणाला, नोकरी जाईल."

मी बसू लागलो. मन कसलं लागतंय! पण हात लावण्याआधी लाईनचं नाव दोनदा वाचायची सवय लागली, ती आजही आहे. दर रविवारी तो मला घरी जेवायला बोलवायचा. वहिनी वाढायच्या आणि मी खाली मान घालून गिळायचो.

परवा भेटायला गेलो, तर वहिनींनी ते गोणपाट पुढे केलं. "भावजी, घेऊन जावा. हितं कोण बसतंय आता?" मला हात पुढे करवेना. तिथेच सगळं कबूल केलं.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी सांगितलं ह्यांनी. म्या लई शिव्या घातल्या तुमाला. हे म्हणले, घाल शिव्या, पर रविवारी जेवायला बोलवू. लई भ्यालाय गडी."

मी गोणपाट काखेत मारून तोंड लपवत उठलो.

"ठिवा ते बाजूला," वहिनी म्हणाल्या. "रविवार हाय. आधी जेवा."