गोदावरीबाईंचा आकडा

गोदावरीबाईंनी अकोल्याच्या कोर्टासमोर एका वकिलाकडे तीस वर्षं मराठी टायपिंग केलं. खरेदीखतात चतुःसीमा चुकली की ती चूक वकिलाच्या आधी त्यांना दिसायची. "बाईंनी वाचलं ना? मग झालं," म्हणत वकीलसाहेब सही ठोकायचे. घरी मात्र त्यांच्या शब्दाला कुत्रं विचारत नसे. यजमान मोरोपंत गणिताचे मास्तर. बायकोला अक्कल नाही, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

दिवाळीत अमरावतीहून मुलगा केयूर आणि सून श्रावणी आले. केयूर तिथं स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवतो. जेवणं झाल्यावर त्याने मोबाईलवर बुद्ध्यांक मोजायची एक चाचणी काढली. चाळीस प्रश्न, वीस मिनिटं. मोरोपंतांना एकशे सदतीस आले, केयूरला एकशे एकवीस, श्रावणीला एकशे अठरा.

"आई, तू पण दे ना."

गोदावरीबाई चकल्या तळत होत्या. चष्मा देवघरात, प्रश्न इंग्रजीत, बोटाला तेल. टेकवावं एकीकडे आणि उत्तर लागावं भलतंच. मधे दोनदा उठून त्या कढई पाहून आल्या. घड्याळ काही थांबलं नाही. आकडा आला एक्क्याऐंशी.

मोरोपंत इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी गोदावरीबाईंनीच आणून दिलं.

त्या दिवसापासून त्यांचं नावच गेलं. "एक्क्याऐंशी, चहा टाक." "तिला काय विचारता, ती एक्क्याऐंशी आहे." पाहुण्यांसमोरसुद्धा. श्रावणीला आधी कसंतरी व्हायचं, पुढे तीही हसू लागली.

मोरोपंतांना त्या चाचणीचा नादच लागला. सकाळी पेपर वाचून झाला की मोबाईल घेऊन बसत. गोदावरीबाई भाजी निवडता निवडता पाहायच्या. जन्मभर मजकूर ताडून पाहिलेले डोळे. चार दिवसांत त्यांच्या लक्षात आलं.

"अहो, रोज तेच प्रश्न येतात. त्याच क्रमाने. तिसऱ्याचं उत्तर रोज त्रिकोणच. तुम्हाला पाठ झालंय ते."

"हे कोणाला कळलं? एक्क्याऐंशीला?"

जानेवारीत भाजीवाली जमुना मोरोपंतांना दंडाला धरून घरी घेऊन आली. "काकू, काकाजी टाकीपाशी उभे होते. मी म्हटलं, घरी नाई जात का? तं मलेच इचारून राह्यले, बाई, माझं घर कोणतं हाय?"

"गंमत केली तिची," मोरोपंत म्हणाले. पण त्यांचा चेहरा गंमत केलेल्या माणसाचा नव्हता.

गोदावरीबाईंनी केयूरला फोन केला. केयूरने वडिलांना केला. मोरोपंतांनी लगेच चाचणी दिली आणि आकड्याचा फोटो पाठवला. एकशे चाळीस.

"आई, डोक्यात बिघाड झालेल्या माणसाला एकशे चाळीस पडतात का? मी क्लासच्या पोरांना हीच टेस्ट देतो."

"अरे, प्रश्न तेच असतात रोज."

"तुला तर तेही जमले नव्हते ना?"

गोदावरीबाईंनी फोन ठेवून दिला.

पुढे चाव्या हरवल्या, नळ रात्रभर वाहिला, पेन्शनच्या कागदावर मोरोपंतांनी भलतीच सही केली. दर वेळी ते मुलाला सांगत, "तुझ्या आईनं केलं. तिचं हल्ली लक्ष नसतं." आणि मुलगा मानत असे. एकशे चाळीस एकीकडे, एक्क्याऐंशी दुसरीकडे. विश्वास कोणावर ठेवायचा याचा प्रश्नच नव्हता. ऑगस्टमध्ये दुधाचं पातेलं जळून ओट्यामागची भिंत काळी झाली. गॅस मोरोपंतांनी लावला होता. त्या वेळी गोदावरीबाई न्हाणीघरात होत्या. केयूर गाडी घेऊन आला आणि आईला म्हणाला, "कपडे बदल. अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू तुला."

"मला?"

"मीही येतो," मोरोपंत उत्साहाने म्हणाले. "हिचं सगळं मीच सांगतो डॉक्टरांना."

डॉक्टरीणबाईंनी गोदावरीबाईंना तारीख विचारली, वार विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग कागद पुढे केला. "यात घड्याळ काढा. दहा वाजून दहा मिनिटं." त्यांनी काढलं. तिन्ही शब्द न चुकता सांगितले.

"यांना काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई केयूरला म्हणाल्या.

"आता ह्यांना विचारा," गोदावरीबाई म्हणाल्या.

मोरोपंत हसत खुर्चीत बसले. "विचारा की. गणिताचा मास्तर आहे मी." शंभरातून सात गेले, त्र्याण्णव. त्यातून सात? ते थांबले. "फळ्यावर मांडून दाखवतो," म्हणाले आणि खडूसाठी खिसे चाचपू लागले. घड्याळ काढलं त्यात बाराही आकडे उजव्या बाजूला एकावर एक कोंबलेले. काटे नव्हतेच.

केयूरने घाईघाईने मोबाईल पुढे केला. "मॅडम, पण ह्यांचा बुद्ध्यांक..."

"तोच पेपर रोज सोडवला तर कोणालाही शंभरपैकी शंभर पडतील. ही चाचणी कोणी बनवली, कोणावर तपासून पाहिली, माहीत आहे तुम्हाला?" केयूरला माहीत नव्हतं. "कधीपासून होतंय हे?"

"जानेवारीपासून," गोदावरीबाई म्हणाल्या.

"मग जानेवारीत का नाही आणलंत?"

केयूरने मोबाईल खिशात टाकला.

परतताना गाडीत केयूर म्हणाला, "बाबांनी फसवलं आपल्याला." आईची माफी त्याने मागितली नाही. क्लासमध्ये ती चाचणी तो अजून देतो. पालकांना आकडा आवडतो.

दिवाळी परत आली तोवर मोरोपंत बायकोला ओळखेनासे झाले होते. गोदावरीबाई त्यांना न्हाऊ घालत, भरवत, आणि दुपारी समोर बसवून विचारत, "सात आठे?" ते ओठ हलवत राहायचे. "सात आठे किती, मास्तर?" पुन्हा. आणि पुन्हा.

जमुनाने एकदा दारातून पाहिलं. "काकू, नका करू असं. पाप लागन."

"तू भाजी दे आणि जा."

मग मोरोपंत त्यांना शाळेतल्या बाई समजू लागले. त्या खोलीत आल्या की धडपडत उभे राहत आणि छडी खायला मुलगा करतो तसा तळहात पुढे करत. पहिल्या दिवशी गोदावरीबाई चरकल्या, हात खाली करून त्यांना बसवलं. दुसऱ्या दिवशीही बसवलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या पुढे केलेल्या तळहाताकडे पाहिलं. मारलं नाही. हात खालीही केला नाही. त्यांना तसंच उभं ठेवून त्या मेथी निवडायला निघून गेल्या.